उसना चष्मा

आफ्रिकेंतील ग्रेट झिम्बाब्वेचे चुन्यावांचून रचलेले प्रचंड दगडी तट १८७१ सालीं माउख या जर्मन प्रवाशानें पाहिले व त्यांचें नातें थेट शेबाच्या राणीशीं जोडलें. काळ्या हातांना असें काम साधणेंच शक्य नाहीं, हा निकाल आधीं, पुरावा मागाहून! १९२९ सालीं केटन-थॉम्पसनबाईंनीं उत्खनन करून हें बांधकाम आफ्रिकनांचेंच असल्याचें दाखविलें. तरी ऱ्होडेशियाचें गोरें सरकार १९७०च्या दशकांतही या सत्याची गळचेपी करीत होतें. तें सरकार गेलें. दृष्टि मात्र राहिली. ‘आफ्रिकेला इतिहास कसला?’ असें आमच्यांतील सुशिक्षितही अद्याप सहज बोलून जातात. त्यांस आम्ही इतकेंच विचारतों: ज्या चष्म्यांतून साहेबानें आपणांसही मागासलेले ठरविलें, तोच चष्मा आपण डोळ्यांवर कां चढवावा?