डेटाबेस घ्यायचा, पण सांभाळायचा कोणी?

इंग्लंडमध्ये २०२०च्या सप्टेंबरअखेरीस करोनाचे १५,८४१ बाधित रोजच्या सरकारी आकड्यांतून गळाले. प्रयोगशाळांच्या याद्या एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलींत ओतल्या जात होत्या आणि तिथे ६५,५३६ ओळींपुढे जागाच नसते. त्या बाधितांच्या संपर्कातल्यांना कळवायला त्यामुळे उशीर झाला. नव्या एक्सेलमध्ये दहा लाखांहून अधिक ओळी मावतात, म्हणून नवी फाइल वापरली की झाले, असे कोणी म्हणेल. पण खरा दोष असा, की ओळी गळत असताना कुणाला पत्ताही लागला नाही. नीट आखलेला डेटाबेस जी नोंद घेऊ शकत नाही ती नाकारतो, तसे सांगतो, आणि तारखेच्या रकान्यात ३१ फेब्रुवारी बसू देत नाही.

मग कोणता घ्यावा? विक्रेते आधी ‘तुमचा डेटा किती?’ असे विचारतात आणि उत्तर काहीही आले तरी महागडे उत्पादन दाखवतात. हिशेब करून पाहा. दहा लाख मालमत्तांची वर्षाला दोन करबिले, वीस वर्षांची, म्हणजे चार कोटी ओळी. ओळीला अर्धा किलोबाइट धरला तरी वीस गिगाबाइट. साध्या पेनड्राइव्हवर मावतील एवढे. पोस्टग्रेस या खुल्या, विनापरवानाशुल्क डेटाबेसमध्ये एकाच तक्त्याची मर्यादा ३२ टेराबाइट आहे. बहुतेक कचेऱ्यांना तो पुरून उरेल, आणि वाचलेला पैसा तो सांभाळणाऱ्या जाणकार माणसावर खर्च करावा.

‘फुकटच्या सॉफ्टवेअरला वाली कोण?’ हा आक्षेप रास्त आहे. पण पोस्टग्रेसची देखभाल पैसे घेऊन करणाऱ्या अनेक कंपन्या आहेत; एकीचे काम पटले नाही तर दुसरी नेमता येते. बँकेसारख्या ठिकाणी वर्षानुवर्षे ओरॅकल या सशुल्क डेटाबेसवर उभी असलेली यंत्रणा उगाच मोडू नये, हेही खरे. मात्र परवाना विकत घेतला म्हणजे डेटा सुरक्षित झाला, हा निव्वळ भ्रम. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत चुकून मुख्य डेटाबेस पुसला गेला. तो पोस्टग्रेसच होता आणि त्यात खोट नव्हती; नेहमीचे बॅकअप मात्र कधीपासून निकामी होत होते आणि तशा सूचना कुणापर्यंत पोचतच नव्हत्या. सुमारे सहा तासांच्या नोंदी गेल्या. महागड्या परवान्यानेही त्या वाचल्या नसत्या.

म्हणून निविदेत दोन अटी हव्यात. पहिली, बॅकअपवरून सारा डेटा रिकाम्या संगणकावर पुन्हा उभा करून दाखवणे, तेही दर तिमाहीला. दुसरी, चाचणी आपल्याच मराठी नोंदींवर. ओरॅकलमध्ये वेगळे सांगितले नाही तर रकान्याची लांबी बाइटमध्ये मोजतात आणि यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे एकेक चिन्ह तीन बाइट खाते. तीस बाइटच्या रकान्यात ‘ज्ञानेश्वर’ जेमतेम बसतो, ‘ज्ञानेश्वरराव’ बसत नाही. इंग्रजी नावांवर घेतलेल्या प्रात्यक्षिकात हे कधीच दिसणार नाही.