पीडीएफ जड नाही, तुमचा फोटो जड आहे!

ब्राउझरमध्ये फोटोंसहित छान कोटेशन बनवलं, ‘सेव्ह ॲज पीडीएफ’ केलं, आणि चार पानांची फाइल झाली 30 एमबी! जीमेलला 25 एमबीच्या वरची फाइल थेट जोडता येत नाही. ग्राहक वाट बघतो, कंटाळतो आणि दुसऱ्याचं कोटेशन आधी उघडतो. ऑर्डर गेली ना हातची?

मग आपण धावतो फुकटच्या कॉम्प्रेस साइटकडे. माझं स्पष्ट मत आहे, ही सवय सोडा. आपले दर आणि ग्राहकाचं नाव अनोळखी सर्व्हरवर कशाला टाकायचं?

मूळ कारण समजून घ्या. मोबाईलचा 12 मेगापिक्सेलचा फोटो साधारण 4000 पिक्सेल रुंद असतो. पानावर तो लहान दिसतो, पण पीडीएफमध्ये सहसा अख्खाच जातो. वेबपी फोटोचं तर आणखी वेगळं. पीडीएफमध्ये तो प्रकार चालत नाही, म्हणून ब्राउझर तो उलगडून भरतो आणि फाइल फुगते.

उपाय सोपा आहे. ए-4 पानाच्या पूर्ण रुंदीला 1240 पिक्सेल म्हणजे इंचाला 150 पिक्सेल, एवढे आपल्या कामाला पुरतात. फोटो आधी तेवढा लहान करा, जेपीजीमध्ये सेव्ह करा आणि मगच कोटेशनमध्ये लावा. प्रिंटच्या सेटिंगमध्ये ‘बॅकग्राउंड ग्राफिक्स’ची गरज नसेल तर ती खूणही काढा.

दुकानात माल मांडताना आपण गोदाम उचलून आणतो का? नाही ना! मग पीडीएफमध्ये तरी का आणायचं?