कुंडीखालची ताटली

ऑगस्ट उजाडला की सरकारी रुग्णालयांतल्या मेडिसिन वॉर्डात खाटा पुरेनाशा होतात. तापाच्या रुग्णांत डेंग्यूचे प्रमाण वाढू लागते आणि त्याच सुमारास शहरातल्या कित्येक सोसायट्यांच्या सूचनाफलकावर फर्मान लागते: गच्चीवरच्या आणि जिन्यातल्या कुंड्या आठ दिवसांत हलवा. भीती रास्त आहे, पण शिक्षा भलत्यालाच होते.

डासाची पैदास झाडावर नव्हे, साठलेल्या पाण्यात होते. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती डासाला गटार लागत नाही. स्वच्छ, स्थिर आणि अगदी थोडे पाणी पुरते. त्यामुळे पालिकेच्या तपासणीत कुंडीखालची ताटली, बाटलीतला मनी प्लांट आणि ‘शुभ’ म्हणून दिवाणखान्यात ठेवलेला बांबू हीच ठिकाणे पुन्हा पुन्हा सापडतात. हा डास सहसा जन्मला तिथून शे-दोनशे मीटरपलीकडे जात नाही. तेव्हा रस्त्यापलीकडच्या नाल्याला बोल लावण्यात अर्थ नाही.

ताटलीतले पाणी ओतून दिले की काम झाले, असे बहुतेकांना वाटते. तसे नाही. मादी अंडी घालते ती पाण्याच्या रेषेच्या जरा वर, ओलसर कडेला चिकटवून. ती अंडी कोरड्यातही कित्येक महिने टिकतात. ताटली उन्हात खडखडीत वाळली, तरी पुन्हा पाणी लागताच अळ्या बाहेर येतात. म्हणून पाणी ओतल्यावर कडा काथ्याने खसाखसा घासायला हव्यात, करपलेले पातेले घासावे तशा. अंड्यापासून उडता डास तयार व्हायला पावसाळी हवेत साधारण आठ-दहा दिवस लागतात. ‘आठवड्यातून एक कोरडा दिवस’ सांगतात तो याच हिशेबाने.

पण ताटली मुळात येते कुठून? खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर मातकट पाणी टपकते, भांडण होते, म्हणून. याचे उत्तर मातीत आहे. नुसत्या लाल मातीचा गोळा घट्ट बसतो आणि पाणी कडेने सरळ खाली वाहून जाते. पाचोळा आणि ओल्या कचऱ्याचे मुरलेले खत मिसळलेली माती तेच पाणी धरून ठेवते. वर सुक्या पानांचा दोन-तीन इंची थर दिला, तर रोज पाणी घालायचीही गरज उरत नाही. कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर यांनी ‘प्रयोग परिवारा’तून घरच्या कचऱ्यावर होणारी शहरी शेती लोकांना शिकवली. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर स्वयंपाकघरातल्या कचऱ्यावर फळझाडे आणि भाज्या उभ्या राहिल्या. तरीही ताटली लागणारच असेल, तर ती काठोकाठ वाळूने भरावी. ओल राहते, पण डासाला हवे तसे उघडे पाणी राहत नाही.

सोसायट्यांचा दुसरा हट्ट धूरफवारणीचा. धूर दिसतो, वास येतो, काहीतरी केल्याचे समाधान मिळते. त्याने उडते डास काही प्रमाणात मरतात. ताटलीतल्या अळ्यांना मात्र धक्काही लागत नाही आणि दोन-चार दिवसांत नवे डास हजर होतात. शिवाय त्या औषधाला डास कोणता आणि मधमाशी कोणती, हे कळत नाही. साथ पेटली असताना फवारणीला जागा आहे, दर रविवारच्या कार्यक्रमात नाही.

कमळाच्या टबात गप्पी मासे जरूर सोडावेत, ते अळ्या फस्त करतात. पण तो मासा दक्षिण अमेरिकेतला आहे. टब रिकामा करताना त्याला तलावात किंवा ओढ्यात सोडू नये. काही घरांत डेंग्यूवर पानांचा रस हवा म्हणून पपई लावली जाते आणि तिच्याच कुंडीखाली अळ्या वळवळत असतात. डेंग्यूच्या विषाणूवर अजून नेमके औषध नाही, हे अशा घरांनी आधी लक्षात घ्यावे.

खरी परीक्षा गणपतीत. गावी जाताना झाडे सुकू नयेत म्हणून कुंड्या पाण्याने भरलेल्या घमेल्यांत ठेवल्या जातात आणि घराला दहा दिवस कुलूप लागते. डासाला नेमके तेवढेच दिवस हवे असतात. त्यापेक्षा कुंड्या सावलीत एकत्र कराव्यात, पाचोळ्याचा थर दुप्पट करावा आणि किल्ली शेजारच्या काकूंकडे द्यावी.