संस्थेची प्रतिष्ठा कशांत?

दिवाळे येथील आमच्या परिचयाच्या एका एकत्र कुटुंबांत सध्यां वाद चालू आहे. नातीला गायनाच्या ‘विशारद’ परीक्षेस बसावयाचें आहे. ‘त्या प्रमाणपत्रास विश्वविद्यालयाच्या पदवीची सर कोठून येणार?’ असा आजोबांचा प्रश्न आहे. वाचकहो, याचें उत्तर ती परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या इतिहासांतच सांपडतें.

संगीतशिक्षणाचे दोन मार्ग आपल्या लोकांनीं काढले. पहिला राजाश्रयाचा. बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या आश्रयानें १८८६ सालीं मौलाबक्ष यांनीं गायनशाळा सुरू केली. तीच पुढें १९४९ सालीं स्थापन झालेल्या विश्वविद्यालयांत समाविष्ट झाली. दुसरा लोकाश्रयाचा. कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुस्कर मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशीं शिकले, आणि ५ मे १९०१ रोजीं त्यांनीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिलें. गुरुगृहीं वर्षानुवर्षें सेवा केल्यावांचून जी विद्या मिळत नसे, ती ठराविक अभ्यासक्रम, स्वरलिपीचीं पुस्तकें व परीक्षा यांच्या योगें सामान्य गृहस्थांच्या मुलामुलींस खुली झाली.

१९०८ सालीं मुंबईस शाखा निघाली. तिची इमारत उठली ती कर्जावर. तें फिटेना, म्हणून १९२४ च्या सुमारास इमारत लिलांवांत गेली. केवळ दगडविटांवरच संस्था उभी असती तर ती तेथेंच संपली असती. १९३१ च्या ऑगस्टांत पंडितजी निवर्तले. परंतु त्याच वर्षीं शिष्यांनीं अहमदाबादेस गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापिलें, व १९३२ सालीं विनायकराव पटवर्धनांनीं पुण्यास विद्यालय काढलें. १९५० सालीं काशीच्या हिंदु विश्वविद्यालयांत संगीतशिक्षणाची धुरा आली, तीही पंडितजींचे शिष्य ओंकारनाथ ठाकूर यांच्याकडे. म्हणजे विश्वविद्यालयासही प्रतिष्ठा याच शाळेच्या शिष्यानें दिली! त्या मंडळाचें एक संकुल आज आमच्या जवळच वाशीस आहे.

तथापि आजोबांची शंका अगदींच निरर्थक नव्हे. परीक्षा हें विद्येचें माप आहे, विद्या नव्हे. माप मोठें असलें म्हणून धान्य वाढत नाहीं. म्हणून आमचें सांगणें इतकेंच: संस्थेचें नांव विचारण्यापूर्वीं शिकविणारा कोण व मुलीचा रियाज किती, हें विचारावें. आजोबांनीं पहांटे तासभर तिला घरांतील एक खोली मोकळी करून द्यावी, आणि त्या वेळीं आकाशवाणी बंद ठेवावी. मग तिनें परीक्षेस खुशाल बसावें.