इंजिनाचे लिटर आणि डेअरीचे फॅट

जुनी जर्मन मोटार घ्यायची असे कुणी म्हटले की आमच्या जुन्नर-आंबेगावात पहिला प्रश्न येतो, "किती लिटरचं इंजिन?" दीड म्हटले की मान हलते. दोन म्हटले की भुवया वर जातात. सव्वाच्या आसपास म्हटले तर समोरचा विषय बदलतो आणि कांद्याच्या भावाकडे वळतो. दुसरा प्रश्न कुणी विचारतच नाही.

मला या पहिल्या प्रश्नाचाच राग आहे, आणि आज तो काढणार आहे. आमचे पुतणे, भाचे हे वाचतीलच. त्यांच्यासाठीच लिहितो आहे.

आमच्याकडे घरटी दोन-चार जनावरे आहेत आणि सकाळ-संध्याकाळ दूध डेअरीला जाते. तिथे कॅन मोजला आणि पैसे दिले असे होते का? फॅट बघतात, एसएनएफ बघतात, मग दर लागतो. म्हशीच्या आणि जर्सीच्या दुधाला एकच भाव लावला तर डेअरीच्या दारात भांडण होईल. पण हीच व्यवहारी माणसे चार-पाच लाखांची गाडी घेताना नुसते लिटर ऐकून पाघळतात!

इंजिनाचे लिटर म्हणजे काय, तर सिलिंडरात पिस्टन खालून वर जाताना जेवढी जागा व्यापतो, तिची सगळ्या सिलिंडरांची मिळून बेरीज. हे झाले माप. त्या मापातून ताकद किती निघते, ती कुठल्या वेगाला निघते, इंजिनाला हवा फुंकून देणारा टर्बो आहे की नाही, गिअरबॉक्स कोणता आहे, यातले काहीही त्या आकड्यात दिसत नाही.

उदाहरण घरचेच घेऊ. घरचेच म्हणतो, कारण ज्या 'जर्मन' गाडीसाठी आमची मुले जीव टाकतात ती फोक्सवॅगनची पोलो शेजारच्या खेड तालुक्यात, चाकणला तयार होत होती. कारखाना 2009 साली सुरू झाला, पोलो 2010 साली बाजारात आली आणि 2022 साली बंद झाली. या बारा वर्षांत '1.2' या एकाच आकड्याची तीन वेगवेगळी इंजिने तिच्यात येऊन गेली. पहिले साधे पेट्रोल, तीन सिलिंडर, 75 अश्वशक्ती. दुसरे डिझेल, तेही तीन सिलिंडर आणि 75 अश्वशक्तीच, पण ओढ पेट्रोलच्या 110 न्यूटन-मीटरच्या जागी 180. तिसरे जीटी नावाच्या गाडीतले टर्बो पेट्रोल, चार सिलिंडर, 105 अश्वशक्ती, आणि त्याला दोन क्लचांचा सात गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. तिन्हींचे माप बाराशे घनसेंटिमीटरच्या आत. आता मला सांगा, "1.2 आहे" या उत्तरातून तुम्हाला काय कळले?

बरे, हे माप तरी कुणी ठरवले? जर्मनीतल्या इंजिनिअरांनी, असे वाटत असेल तर तेही विसरा. 2006 च्या अर्थसंकल्पात लहान मोटारींवरचे उत्पादन शुल्क 24 टक्क्यांवरून 16 टक्के झाले. लहान मोटार म्हणजे लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन 1200 घनसेंटिमीटरपर्यंत, डिझेल 1500 पर्यंत. मग सगळ्याच कंपन्यांची इंजिने 1197, 1198, 1498 अशी बरोबर रेषेच्या आत येऊन बसू लागली. पोलोचे 1.5 डिझेल तर खास भारतासाठीच काढले होते. व्याख्या आजही तीच आहे. सप्टेंबर 2025 मध्ये जीएसटीचे दर बदलले तेव्हा याच रेषेच्या आतल्या गाड्यांना 18 टक्के आणि बाहेरच्यांना 40 टक्के कर लागला. म्हणजे आमचा तरुण ज्याला इंजिनाचा दम समजतो, तो आकडा बराचसा दिल्लीतल्या कर-कोष्टकाचा आहे.

आता मोठ्या इंजिनवाल्यांकडे वळतो. त्यांचे म्हणणे असे की दहा-बारा वर्षांची दोन लिटर डिझेलची जर्मन सेडान आज नव्या छोट्या गाडीपेक्षा स्वस्त मिळते, मग छोटी कशाला घ्यायची? एजंट तर मला म्हणाला, "गुरुजी, हत्ती आहे हत्ती!" मी म्हटले, बाबा, हत्ती विकत घेणे कधीच अवघड नव्हते, त्याला पोसणे अवघड. ती गाडी स्वस्त झाली आहे, तिचे सुटे भाग स्वस्त झालेले नाहीत. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने अशी गाडी घेतली. आठ महिने तिने रस्त्यावरच्या सगळ्यांची मान वळवली. मग ऑटोमॅटिक गिअरबॉक्सने मान टाकली. दुरुस्तीचा आकडा गाडीच्या किमतीच्या निम्म्याच्या घरात गेला, आणि ती आता ताडपत्री पांघरून कांद्याच्या बराखीशेजारी उभी आहे. कोंबड्यांना सावली झाली. असो.

डिझेलच्या बाजूने एक काळ खरा युक्तिवाद होता. 2012 च्या सुमारास पेट्रोल आणि डिझेल यांच्यात लिटरमागे पंचवीस-तीस रुपयांचा फरक होता. ऑक्टोबर 2014 मध्ये डिझेलचे दर खुले झाले आणि आता तेवढा फरक उरलेला नाही. डिझेलमागे टर्बो, इंजेक्टर, टायमिंग बेल्ट ही मंडळी येतात, आणि जुन्या गाडीत ती एकामागून एक हात पसरतात. टायमिंग बेल्ट वेळेवर बदलला नाही आणि तुटला, तर आतले व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात, मग इंजिन दीडचे होते की दोनचे याने काही फरक पडत नाही. शिवाय एक जुने प्रकरण विसरू नका. सप्टेंबर 2015 मध्ये अमेरिकेत उघडकीस आले की या कंपनीच्या डिझेल इंजिनांत धुराची चाचणी ओळखून तेवढ्यापुरते शहाण्यासारखे वागणारे सॉफ्टवेअर होते. डिसेंबरात भारतातल्याही सुमारे 3 लाख 23 हजार गाड्या परत बोलावल्या, त्यांत 1.2 पासून 2.0 पर्यंतची डिझेल इंजिने होती. तुम्ही घेताय त्या गाडीचे ते काम झाले का, हे विचारा. "किती लिटर" पेक्षा हा प्रश्न कितीतरी उपयोगाचा आहे.

ज्याला रोज नारायणगाव ते वाशी जायचे आहे त्याने डिझेल घ्यावे, माझे काही म्हणणे नाही. पण आमच्यातले बहुतेक जण बाजार, शाळा, लग्न, दहावे आणि महिन्याकाठी पुणे एवढेच फिरतात. वर्षाला सात-आठ हजार किलोमीटर. एवढ्यासाठी डिझेल म्हणजे दोन पायल्या दाण्यांसाठी थ्रेशर बोलावणे.

माझ्याच वयाची निवृत्त मंडळी मात्र दुसऱ्या टोकाला असतात. "सगळ्यात लहान इंजिन ते सगळ्यात स्वस्त." हेही अर्धवटच. ती जीटी पोलो लहान इंजिनाचीच आहे, पण तिच्यातला कोरड्या क्लचचा गिअरबॉक्स जगभर बदनाम झाला. 2013 साली एकट्या चीनमध्ये या गिअरबॉक्सच्या तक्रारींवरून 3 लाख 84 हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या. लहान म्हणजे साधे नव्हे. आणि जुन्या गाडीत जे साधे तेच टिकते, हे जुन्या रेडिओवाल्यालाही ठाऊक असते.

साध्या 1.2 पेट्रोलचे दोष मी लपवत नाही. उभ्या गाडीत तीन सिलिंडरांची थरथर जाणवते. पाच माणसे आणि एसी घेऊन माळशेज चढायला लागलात तर दुसरा गिअर टाकावा लागतो. टाकावा! एसटीचे ड्रायव्हर आयुष्यभर तोच गिअर टाकून घाट चढले, त्यांना कुणी कमी लेखले नाही.

आणि आता गंमत पाहा. एक मोठे इंजिन खरोखर चांगले आहे आणि त्याचे नाव आमची मुले घेत नाहीत. ते म्हणजे 1.6 चे साधे पेट्रोल. चार सिलिंडर, 105 अश्वशक्ती, टर्बो नाही. पोलोमध्ये ते सुरुवातीची थोडीच वर्षे मिळाले, कारण ते कराच्या रेषेबाहेर पडत होते. त्या गाड्यांना आता पंधरा वर्षे होत आली किंवा होऊन गेली, म्हणजे नोंदणीचे नूतनीकरण आले. त्याची फी एप्रिल 2022 पासून 600 वरून 5000 रुपये झाली, वर पर्यावरण कर वेगळा. पण हेच इंजिन व्हेंटोमध्ये 2020 पर्यंत येत होते. मॅन्युअल गिअरची अशी व्हेंटो मिळाली तर घाटात दम लागत नाही आणि जवळचा चांगला फिटरही तिला हात लावू शकतो.

याची किंमतही सांगून ठेवतो. सक्तीच्या थर्ड पार्टी विम्याचे जून 2022 चे दर हजार घनसेंटिमीटरपर्यंत 2094, पंधराशेपर्यंत 3416 आणि त्यापुढे एकदम 7897 रुपये असे आहेत. म्हणजे 1598 च्या इंजिनासाठी वर्षाला 4481 रुपये जास्त, जीएसटी वेगळा. दोन लिटरलाही तेच 7897. पेट्रोलही 1.2 पेक्षा जास्त पिणार, आणि आता पंपावर मिळणाऱ्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुन्या गाडीचे अॅव्हरेज थोडे घटते, हेही धरा.

हे सारे ज्याच्यासाठी लिहितो आहे तो माझा धाकटा पुतण्या. त्याच्या मनात दोन लिटरची डिझेल सेडान भरली आहे. "तात्या, एकदा बसून तर बघा," म्हणतो. बसलो. गाडी देखणी आहे, दार लागताना छान आवाज होतो. पण त्याच्या हातातले पैसे दोन हंगामांचे आहेत, आणि वहिनींना दर महिन्याला पुण्याला दवाखान्यात न्यावे लागते. गाडी गॅरेजमध्ये भाग येण्याची वाट पाहत उभी राहिली, तर त्या महिन्यात वहिनींनी नारायणगावच्या स्टँडवर एसटीची वाट बघायची का? त्याला मी एवढेच विचारले. तो गप्प बसला, पण पटले असे म्हणाला नाही.

रविवारी आम्ही दोघे चाकणला एक व्हेंटो बघायला जाणार आहोत, 1.6 पेट्रोल, एकाच मालकाची. मी सर्व्हिस बुक वाचणार, तो बॉनेट उघडणार. सकाळी इंजिन थंड असतानाच चालू करून दाखवा, असे मालकाला फोनवर सांगून ठेवले आहे. गरम करून ठेवलेल्या इंजिनाचा आवाज ऐकायला मी चाकणपर्यंत जाणार नाही.