नावाचा हक्क आणि दाव्याचा खर्च

पुण्याच्या कॅम्प भागातील ‘बर्गर किंग’ हे उपाहारगृह 1992च्या सुमारास सुरू झाले, तेव्हा त्याच नावाच्या अमेरिकन कंपनीचे भारतात एकही दुकान नव्हते. ते 2014 साली उघडले. कंपनीने पुण्याच्या मालकांवर दावा लावला तो मात्र 2011 साली, म्हणजे येथे एकही बर्गर विकण्यापूर्वी. ऑगस्ट 2024मध्ये पुण्याच्या जिल्हा न्यायालयाने तो फेटाळला. डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने अपिलाच्या निकालापर्यंत हे नाव वापरण्यास उपाहारगृहाला मनाई केली आणि मार्च 2025मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या मनाईस स्थगिती दिली.

नाव कोणाचे, हा न्यायालयांचा प्रश्न आहे. अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला खुपावी अशी गोष्ट आहे ती या वादाला लागलेल्या तेरा वर्षांची. पुण्याच्या मालकांनी तग धरला. जळगावचा एखादा डाळ मिलवाला किंवा धुळ्याचा फरसाण विक्रेता इतका काळ तग धरू शकेल काय? वकिलाची नोटीस हाती पडताच तो हिशेब मांडतो. एका बाजूला वकिलांची फी, मुंबई-दिल्लीच्या खेपा आणि दुकानाचा होणारा खोळंबा. दुसऱ्या बाजूला नवी पाटी, नव्या पिशव्या आणि परवान्यातील बदल. दुसरी बाजू स्वस्त दिसते. वीस वर्षे जोडलेले गिऱ्हाईक त्या पाटीबरोबर जाते, हे त्या हिशेबात धरलेले नसते. अशा रीतीने न्यायाची बाजू तपासली जाण्याआधीच वाद मिटतो, आणि मोठ्या कंपनीच्या दफ्तरी तो यश म्हणून नोंदला जातो.

कायदा लहान माणसाच्या विरुद्ध आहे, असे मात्र म्हणता येणार नाही. 1999च्या व्यापारचिन्ह कायद्याचे कलम 34 पूर्वीपासूनच्या वापराला संरक्षण देते. कलम 35 स्वतःचे नाव प्रामाणिकपणे वापरणाऱ्यास अभय देते. निराधार धमकीविरुद्ध कलम 142 अन्वये उलट दावाही करता येतो. अर्थात नोंदणीकृत मालकाने रीतसर दावा लावला की हा मार्ग बंद होतो. 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकच्या दूध महासंघाच्या ‘नंदिनी’पुढे बंगळूरच्या उपाहारगृहांचे ‘नंदिनी डिलक्स’ टिकू दिले. त्यापूर्वी 2017 साली टोयोटाला ‘प्रियस’ या नावावरून दिल्लीच्या सुटे भाग बनविणाऱ्या कंपनीविरुद्ध हार पत्करावी लागली होती. परंतु हे दोन्ही निकाल सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचू शकलेल्यांना मिळाले. त्यातच कलम 134 मालकाला आपल्या व्यवसायाच्या ठिकाणी दावा दाखल करण्याची सवलत देते. 2015च्या एका निकालाने तिला काही मर्यादा घातली, तरी ती संपलेली नाही.

याची दुसरी बाजूही आहे. चहाच्या पुड्यावर किंवा तेलाच्या डब्यावर एखादे अक्षर फिरवून नामांकित मालाचा भास निर्माण करणारे व्यापारी खानदेशातही आहेत, आणि त्यांची फसगत होते ती ग्राहकाचीच. चिन्हाचे मूल्य असे की ते पाहून ग्राहकाला मालाची पुन्हा परीक्षा करावी लागत नाही. अशा नकलेवर कठोर कारवाई झालीच पाहिजे. पण नक्कल करणारा आणि योगायोगाने तेच नाव असलेला जुना व्यापारी यांना एकच छापील नोटीस पाठविली जाते, तेव्हा कायद्याचा उपयोग प्रतिस्पर्ध्याला बाजारातून हटविण्यासाठी होऊ लागतो.

नावाच्या रक्षणाचे महत्त्व या भागाला नवे नाही. जळगावच्या केळीला आणि भरताच्या वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले; तेथे नाव सर्वांचे असते. व्यक्तिगत नावांबाबत मात्र बेफिकिरी आहे. लहान उद्योगाला ऑनलाइन अर्जासाठी एका वर्गाला 4,500 रुपये शुल्क पडते आणि नोंदणी दहा वर्षे टिकते. एवढा खर्च करणारे दुकानदार थोडे. जिल्हा उद्योग केंद्रांनी आणि व्यापारी संघटनांनी ही नोंदणी करून देण्याचे व नोटिशीला पहिले उत्तर लिहून देण्याचे काम हाती घेतल्यास बऱ्याच पाट्या वाचतील. न्यायालयांनीही, व्यापारी दाव्यांत हरणाऱ्याकडून खर्च वसूल करण्याचा जो अधिकार 2015च्या कायद्याने दिला आहे, तो निराधार दाव्यांच्या बाबतीत हात न आखडता वापरावा.