बुटाची नाडी

वाचकहो, कार्तिक सरला आणि पहाटे अंगावर शाल ओढून घ्यावीशी वाटू लागली, की माझ्या दवाखान्यात एका वेगळ्याच प्रकारच्या रुग्णांची ये-जा सुरू होते. खरे तर त्यांना रुग्ण म्हणणेही बरोबर नाही. ताप नाही, खोकला नाही. हातात एक छापील अर्ज असतो आणि चेहऱ्यावर तोंडी परीक्षेला आलेल्या विद्यार्थ्याचा भाव. आमच्या भागात गिरिभ्रमणाचे एक मंडळ आहे. दिवाळीनंतर थेट होळीपर्यंत ते दर पंधरवड्याला एका दिवसाची पदभ्रमंती काढते. पहाटे निघायचे, एखादा गड वा टेकडी पाहायची आणि दिवेलागणीच्या आत घरी यायचे. साठीपुढील सभासदांना डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते. ते मी कित्येक वर्षे देत आले आहे. वजन, रक्तदाब, छातीला नळी लावून ऐकणे, एकदोन प्रश्न आणि सही.

आज त्या सहीविषयीच लिहायचे आहे.

गोष्ट दोन हिवाळ्यांपूर्वीची. ज्यांची आहे त्यांच्या अनुमतीने, परंतु त्यांची ओळख पटू नये अशा बेताने सांगते. गृहस्थ सदुसष्ट वर्षांचे, नोकरीतून निवृत्त. मधुमेह बारा वर्षांचा, रक्तदाब गोळीने आटोक्यात, पत्नी निवर्तलेली, घरी मुलगा, सून आणि नात. रोज सकाळी सपाट रस्त्यावर चाळीस मिनिटे चालण्याचा त्यांचा नेम होता. दवाखान्यात गर्दी असताना ते आले. मी रक्तदाब पाहिला, छाती तपासली, ‘रोज चालता ना?’ असे विचारले आणि सही करून मोकळी झाले.

पुढच्या रविवारी मंडळ सिंहगडावर निघाले. मीही त्या मंडळाची सभासद आहे. पुणेकराला सिंहगड आपल्या अंगणातलाच वाटतो, आणि घोटाळा तेथेच होतो. गडाची समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे १३०० मीटर आहे. परंतु आपल्या गुडघ्यांना आणि हृदयाला समुद्राशी कर्तव्य नसते, त्यांना पायथ्यापासून हिशेब द्यावा लागतो. आतकरवाडीच्या पायवाटेने वर जाणे म्हणजे साधारण सहाशे मीटर उंची अंगावर घेणे. इमारतीचा एक मजला तीन मीटरांचा धरला, तर हे दोनशे मजले झाले. सपाट रस्त्यावरील चाळीस मिनिटे आणि हे दोनशे मजले यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. त्या सायंकाळी ते मला आठवले नाही, इतकेच.

आम्ही साडेसहाला चढू लागलो. झुंजुमुंजू झाले होते, वाऱ्याला धार होती, वाटेवरचे गवत वाळून पिवळे पडले होते. हे काका माझ्या पुढे दहा-पंधरा पावलांवर होते. पहिला खडा चढ संपता संपता ते बाजूला झाले आणि खाली वाकून बुटाची नाडी बांधू लागले. थोड्या वेळाने पुन्हा थांबले, पुन्हा नाडी. तिसऱ्या वेळी मी जवळ पोचले तेव्हा सहज त्यांच्या पायांकडे पाहिले. दोन्ही नाड्यांना पक्क्या दुहेरी गाठी होत्या.

“काका, गाठ तर सुटलेली दिसत नाही.”

“काही नाही हो डॉक्टर, जरा गॅस झालाय. सकाळी पोहे अंमळ जास्तच झाले.”

गार वाऱ्यात त्यांच्या कपाळावर घाम होता. मी त्यांना एका दगडावर बसवले आणि खोदून विचारले. छातीत दुखत नव्हते. गळ्याच्या खालच्या खळगीत आणि जबड्यात आवळल्यासारखे होत होते. चढ लागला की येई, उभे राहिले की तीन-चार मिनिटांत जाई. वाचकहो, हे वाक्य कृपया पुन्हा वाचा. जे चढताना येते आणि थांबल्यावर जाते, ते गॅसवर ढकलू नये. हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडत असल्याची ती सूचना असू शकते. वयोवृद्ध माणसांत, स्त्रियांत आणि विशेषतः जुन्या मधुमेहात ही सूचना ‘छातीत कळ’ या ठरावीक रूपात येईलच असे नाही. कधी नुसता दम लागतो, कधी जबडा वा डावा खांदा भरून येतो, कधी पोटाच्या वरच्या भागात जड वाटते, कधी केवळ विलक्षण थकवा.

बसल्यावर त्यांचा त्रास पाच मिनिटांत पूर्ण थांबला, म्हणून आम्ही एकही पाऊल वर न टाकता, त्यांची पिशवी दुसऱ्याकडे देऊन, अत्यंत सावकाश खाली उतरलो. पायथ्याशी गाडी बोलावून ठेवली होती. तेथून थेट रुग्णालय. थांबूनही त्रास शमला नसता, तर त्यांना चालवत न आणता जागेवरच बसवून १०८ क्रमांकाची मदत मागवली असती. रुग्णालयात काढलेला पहिला हृदयालेख जवळजवळ सामान्य होता, हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे. स्वस्थ पडलेल्या माणसाचा हृदयालेख चढावरची तक्रार दाखवीलच असे नाही. अँजिओग्राफीत एका मुख्य रक्तवाहिनीत मोठा अडथळा आढळला आणि तेथे स्टेंट बसवावा लागला.

वैद्यकीय महाविद्यालयात आम्हाला नाडी पाहायला शिकवले होते. बुटाची नाडी पाहायला कोणी शिकवले नव्हते. परंतु मला अधिक लागले ते निराळेच. चार दिवसांनी त्यांना भेटायला गेले तेव्हा विचारले, “काका, पहिल्यांदा त्रास झाला तेव्हाच का नाही सांगितलंत?” ते म्हणाले, “तीस माणसांचा खोळंबा झाला असता हो माझ्यामुळे. आणि घरी कळलं असतं, तर पुढचा रविवार कायमचा बंद.” म्हणजे त्यांना भय हृदयाचे नव्हते. आपण इतरांना ओझे होऊ याचे होते, आणि घरच्यांच्या ‘आता पुरे’ या दोन शब्दांचे होते.

वाढत्या वयात माणसे किती गोष्टी लपवतात, हे आम्हा डॉक्टरांना पुरते कळत नाही. छायाचित्र काढण्याच्या निमित्ताने थांबणे, पक्षी दाखवण्यासाठी थांबणे, मागच्या मंडळींची काळजी म्हणून थांबणे. यातले प्रत्येक थांबणे संशयास्पद नसते. पक्षी कधीकधी खराही असतो! परंतु सोबतच्या कोणी वारंवार असे केले, तर त्याच्याशी चार वाक्ये बोला. चालता चालता पूर्ण वाक्य उच्चारता येत असेल तर वेग बेताचा आहे. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर वेग कमी करायलाच हवा. ही कसोटी मनगटावरच्या घड्याळापेक्षा मला अधिक विश्वासाची वाटते. रक्तदाबासाठी वा हृदयासाठी बीटा-ब्लॉकर गटातील गोळी चालू असेल, तर नाडीचे ठोके वाढू द्यायचे नाहीत हेच तिचे काम असते. घड्याळातील आकडा शांत दिसतो आणि माणूस मात्र धापा टाकत असतो.

भ्रमंतीसाठी हिवाळाच का, हे सांगायला नको. पावसाळ्यात निसरडे, उन्हाळ्यात रणरण. परंतु गारठ्याने त्वचेतील रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब काहीसा चढतो, हृदयाला अधिक जोराने काम करावे लागते. त्यात पहाटेची वेळ, भरपेट न्याहारी आणि लगेच खडा चढ हे सारे एकत्र आले, की एरवी गप्प असलेला अडथळा बोलू लागतो. म्हणून निघण्याच्या दीड-दोन तास आधी हलके खावे, पहिली पंधरा मिनिटे मुद्दाम रेंगाळत चालावे, कान आणि छाती झाकावी. आपल्याकडे पहाटे दहा-बारा अंश आणि दुपारी तीसच्या आसपास असा प्रकार असतो, तेव्हा एकच जाड स्वेटर घालण्यापेक्षा उतरवता येतील असे दोन-तीन पातळ कपडे बरे.

पाण्याविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण येथे संकोच आडवा येतो. वय वाढते तशी तहानेची जाणीव मंदावते, आणि थंडीत ती आणखीच कमी होते. शिवाय वाटेत स्वच्छतागृह नाही म्हणून अनेक स्त्रिया आदल्या रात्रीपासूनच पाणी तोडतात. प्रोस्टेटचा त्रास असलेले पुरुषही तेच करतात. काहीजण तर लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी त्या दिवशी स्वतःच्या मनाने गाळतात. तसे करू नका. गोळीची वेळ बदलता येईल का, ते आपल्या डॉक्टरांना आधी विचारा. आणि मंडळ चालवणाऱ्यांना माझी विनंती, की वाटेत आडोसा कोठे आहे हे निघतानाच मोकळेपणाने सांगावे. त्यात लाजण्यासारखे काय आहे?

मधुमेहींनी इन्सुलिन वा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन गड चढायचा, तर साखर उतरण्याची शक्यता ध्यानात ठेवावी. मात्रेत काही बदल करायचा का, हे ज्यांनी औषध दिले तेच सांगतील. खिशात साखर किंवा ग्लुकोजची भुकटी हवीच. शेंगदाण्याची चिक्की चविष्ट खरी, पण दाण्यांतील स्निग्धांशामुळे तिची साखर रक्तात उतरायला वेळ लागतो. ती नंतर खावी. दिवसभराच्या श्रमानंतर त्या रात्रीही साखर उतरू शकते, तेव्हा रात्रीचे जेवण टाळू नये.

चढ संपला की सगळ्यांना वाटते, जिंकलो. हृदयाच्या दृष्टीने तसे म्हणता येईल. गुडघे आणि कंबर यांची परीक्षा मात्र उतरताना असते. उतारावर मांडीचा स्नायू लांबत लांबत भार पेलतो, म्हणून तो लवकर थकतो, पाय लटपटू लागतात, आणि हिवाळ्यात सुकलेल्या मातीच्या घसाऱ्यावर माणूस बसतो. सत्तरीत असे बसणे मनगट वा खुबा मोडायला पुरेसे असते. दोन काठ्या घ्या. एकीपेक्षा दोन बऱ्या. गुडघे किंचित वाकवून लहान पावले टाका. वर पिठले-भाकरी आणि दही खाऊन लगेच उतरायला लागू नका. सिंहगडाला वरपर्यंत गाडीरस्ता आहे. पाय थकले असतील तर खाली गाडीने येण्यात काडीचाही कमीपणा नाही. दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतील, तिसऱ्या दिवशी कदाचित अधिक दुखतील. ते बहुधा आपोआप ओसरते. एकाच पोटरीला सूज आली वा ती तापली, तर मात्र दाखवायला या.

आता प्रमाणपत्र देताना मी सहीआधी विचारते: दोन मजले न थांबता चढता का? शेवटचे कधी चढलात? चढताना काय होते, आणि थांबल्यावर ते जाते का? उत्तर अडखळत आले तर पुढील तपासण्या होईपर्यंत सही होत नाही. उत्तर चांगले आले तरी पहिल्याच रविवारी सिंहगड नाही. आधी पर्वतीच्या १०३ पायऱ्या काही दिवस, मग तळजाई किंवा वेताळ टेकडी, मग पुढचे पुढे. काही मंडळी यावर नाराज होतात आणि दुसऱ्या डॉक्टरांकडे जातात. जाऊ देत.

घरच्यांना मला थोडे वेगळे सांगायचे आहे. काकांच्या सूनबाई तेव्हा मला म्हणाल्या, “डॉक्टर, आता तुम्हीच बजावा त्यांना, गडबिड सगळं बंद म्हणून.” त्यांची काळजी खरी होती आणि मी घातलेल्या सहीमुळे मला बोलायला तोंडही नव्हते. तरीही मी ‘बंद’ म्हटले नाही. घरात बसवलेल्या माणसाच्या मांड्यांतील बळ आठवड्या-आठवड्याने उतरत जाते, आणि मग तो न्हाणीघरात पडतो. हृदयविकारतज्ज्ञांनी ठरवून दिलेल्या मर्यादेत चालणे हा आता त्यांच्या औषधोपचाराचाच भाग होता. मी सूनबाईंना एवढेच म्हटले, की तुम्ही ‘बंद’ म्हणालात तर ते जाणार नाहीत असे समजू नका. ते गेले तरी तुम्हाला सांगणार नाहीत. त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “मग मी काय विचारायचं त्यांना?” मी म्हटले, “‘झेपलं का?’ असं विचारू नका, त्याला उत्तर ‘हो’च येतं. ‘कुठे कुठे थांबलात?’ असं विचारा.”

मंडळानेही एक पद्धत बदलली. पूर्वी पहिल्या थांब्यावर प्रमुख विचारत, “कोणाला काही त्रास?” तीस जणांसमोर हात कोण वर करणार? आता निघण्यापूर्वीच दोन गट सांगितले जातात. एक माथ्यापर्यंत जाणारा, दुसरा अर्ध्या वाटेवरच्या ताकवाल्या मावशींपर्यंत जाऊन परतणारा. दुसऱ्या गटालाही अनुभवी प्रमुख असतो आणि वाटेत कोणालाही, कारण न सांगता, त्यात सामील होता येते. पहिल्या खेपेस त्या गटात दोघेच होते. गेल्या महिन्यात नऊजण होते, त्यांतले तीन पन्नाशीच्या आतले.

त्या गटाचे प्रमुख आता आपले हेच काका आहेत. औषधे नियमित घेतात, दर तीन महिन्यांनी दाखवून जातात, आणि ताकाच्या थांब्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांकडे पाहत असतात. नातीने त्यांना नवे बूट आणून दिले आहेत, नाडी नसलेले, चिकटपट्टीचे. “आता थांबायला निमित्तच उरलं नाही डॉक्टर,” ते परवा म्हणाले, “सरळ सांगावं लागतं.”